इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचे पहिले चार अल्बम आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणत्या अल्बमविषयी आहे?

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड या लोकसंगीताच्या बँडने १९६६ ते १९६८ या काळात इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या पहिल्या चार अल्बमविषयी. ‘द इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ १९६६ मध्ये आला आणि ‘द ५००० स्पिरिट्स ऑर द लेयर्स ऑफ द अनियन’ जुलै १९६७ मध्ये. ‘द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’ मार्च १९६८ चा आणि ‘वी टॅम अँड द बिग ह्यूज’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. चारही अल्बमचे निर्माते जो बॉइड. मुख्य गायक, वादक आणि गीतकार रॉबिन विल्यमसन आणि माइक हेरन. फक्त पहिल्या अल्बमवर तिसरे क्लाइव्ह पामर.

अडीच वर्षांत आवाज इतका कसा बदलला? हा सगळा त्या काळच्या नशेचा परिणाम का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यातला दुसरा भाग चुकीच्या दिशेने नेतो. गाण्यांच्या विषयांवर त्या काळाची छाया आहेच. पण कानाला जाणवणारा फरक तीन साध्या गोष्टींनी पडला: रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत कोण होतं, त्यांच्या हातात कोणती वाद्यं होती, आणि वाजवलेल्या भागावर दुसरा भाग चढवण्याची मुभा किती होती. प्रत्येक अल्बमगणिक या तिन्ही गोष्टी बदलल्या. पुढची बहुतेक उत्तरं याच तीन गोष्टींभोवती फिरतात. चांगली नवी आवृत्ती घ्यायची तीही एवढ्याचसाठी, की हे तिन्ही बदल कानाला वेगवेगळे कळावेत.

पहिला अल्बम इतका साधा का वाटतो? यात सायकेडेलिक (नशेतल्या भासांसारखं, रंगीबेरंगी) काय आहे?

फारसं काही नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. विल्यमसन आणि पामर एडिनबरात जोडीने गात होते. १९६५ मध्ये तालाची गिटार वाजवायला हेरन आले. पुढे ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवर पामर यांनी क्लाइव्हज इन्क्रेडिबल फोक क्लब सुरू केला, बँडचं नाव त्यावरूनच पडलं. बॉइड यांनी त्यांना लंडनला आणलं आणि मे १९६६ मध्ये साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं.

अल्बमवर १६ गाणी आहेत, बरीचशी दोन-तीन मिनिटांची. कोणी एकटा गातो, कुठे दोघं, तिघं एकत्र मोजक्याच ठिकाणी. गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन, टिनची बासरी: कुठल्याही स्कॉटिश किंवा आयरिश मैफलीत दिसतील अशीच वाद्यं. ‘शेफर्स जिग’मध्ये फिडल आणि बँजोची जोडी ऐका, त्या परंपरेत हे लोक किती मुरलेले होते ते तिथे कळतं. ‘एम्प्टी पॉकेट ब्लूज’ हे पामर यांचं गाणं जुन्या अमेरिकन ब्लूजच्या वाटेचं आहे.

पुढच्या बदलाचं बी मात्र ‘ऑक्टोबर साँग’मध्ये आहे. विल्यमसन यांच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी हे एक. सूर लोकगीताच्या चौकटीतला, पण ओळींची लांबी हळूहळू वाकते आणि आवाज स्वरावरून घसरत, वळसे घेत पुढच्या शब्दाला भिडतो. बॉब डिलन यांनी १९६८ मध्ये ‘सिंग आउट!’ मासिकाच्या मुलाखतीत आवर्जून याच गाण्याचं नाव घेतलं होतं.

क्लाइव्ह पामर का सोडून गेले, आणि त्याने काय फरक पडला?

पहिला अल्बम होताच पामर अफगाणिस्तान आणि भारताच्या प्रवासाला निघाले. विल्यमसन त्यांची मैत्रीण लिकोरिस मकेक्नी हिच्याबरोबर मोरोक्कोला गेले. हेरन एडिनबरातच राहिले. बँड जवळपास मोडलाच होता.

पामर यांच्याबरोबर बँजो गेला, आणि बँजोबरोबर ठसठशीत, तुटक ठेका गेला. विल्यमसन मोरोक्कोहून परतले ते तिथली वाद्यं घेऊन. पुन्हा जमलेल्या दोघांमध्ये आता जुन्या चालींचा आग्रह धरणारं कोणी उरलं नव्हतं. दोघंही गीतकार, दोघांच्या वाटा वेगळ्या, आणि दोघं एकमेकांच्या गाण्यांत वाद्यं वाजवणार. पुढच्या तिन्ही अल्बमचा पाया हा आहे.

‘५००० स्पिरिट्स’मध्ये नवीन काय आलं?

सर्वांत आधी खालचा आवाज. पेंटँगल या बँडचे डॅनी थॉम्पसन यांचा डबल बास इथे आहे. पहिल्या अल्बमवर गिटारच्या जाड तारांखाली काहीच नव्हतं. इथे गाण्याला जमीन मिळते. स्पीकर लहान असतील किंवा फोनवर ऐकत असाल तर हा फरक पूर्ण हरवतो आणि दोन अल्बममधला बदल फक्त ‘वरच्या रंगांचा’ वाटतो. बऱ्या हेडफोनवर ‘द हेजहॉग्ज साँग’ ऐका आणि एकदा फक्त बासकडे लक्ष द्या.

मग माणसं. लिकोरिसचा पातळ, उंच आवाज काही गाण्यांत मागे येतो. पियानोवर जॉन हॉपकिन्स आहेत, ज्यांनी बॉइड यांच्याबरोबर लंडनचा यूएफओ क्लब चालवला. सतार आणि तंबोऱ्यावर ‘सोमा’ असं नाव छापलेलं आहे. ते म्हणजे नझीर जयराजभॉय, हिंदुस्थानी रागसंगीताचे अभ्यासक. ‘द राग्ज ऑफ नॉर्थ इंडियन म्युझिक’ हा त्यांचा ग्रंथ पुढे १९७१ मध्ये आला. आपल्याकडच्या वाचकांनी हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावं. त्या वर्षी लंडनमध्ये शोभेसाठी सतार वाजवणारे पुष्कळ होते, इथे मात्र तंबोरा जाणत्या हातात होता.

तिसरी गोष्ट गाण्याच्या बांधणीची. अल्बमवर १३ गाणी आणि जवळपास ५० मिनिटं, म्हणजे गाणी सरासरीने लांबली. ‘द मॅड हॅटर्स साँग’ मध्येच चाल बदलतं, थांबतं, ब्लूजमध्ये शिरतं आणि परत येतं. कडवं-धृपद-कडवं हा साचा इथे मोडला. ‘फर्स्ट गर्ल आय लव्ह्ड’मध्ये तर धृपद जवळजवळ नाहीच, विल्यमसन एकाच श्वासात बोलल्यासारखे गातात आणि गिटार त्यांच्या मागोमाग चालते.

मुखपृष्ठ सायमन पोस्थुमा आणि मारिके कोगर यांचं, म्हणजे पुढे ‘द फूल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या डच चित्रकारांचं. झगझगीत रंगांमुळे हा अल्बम प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त ‘सायकेडेलिक’ समजला जातो, असं आमचं मत आहे. आतली बरीच गाणी दोन माणसं आणि एक बास एवढ्यावरच उभी आहेत.

गिंब्री कोणती ते कसं ओळखायचं?

गिंब्री हे मोरोक्कोचं तीन तारांचं, कातड्याने मढवलेलं वाद्य. छेडली की आवाज पटकन उठतो आणि लगेच मावळतो. गिटारसारखी गुंज मागे राहत नाही, कारण कातडं तारेची कंपनं शोषून घेतं. ‘५००० स्पिरिट्स’चं पहिलंच गाणं ‘चायनीज व्हाइट’ इथे फसवतं, कारण त्यात विल्यमसन गिंब्री गजाने वाजवतात. तो खरखरीत, किंचित बेसूर झाल्यासारखा लांबणारा आवाज फिडलचा नाही. जुन्या घासलेल्या रेकॉर्डवर ही खरखर आणि रेकॉर्डची खरखर एकमेकांत मिसळते. नव्या आवृत्तीचा सर्वांत मोठा फायदा ज्या गाण्यांना होतो त्यांत हे गाणं वरच्या क्रमांकावर आहे.

सतार, तंबोरा, सनई आहेत. मग हे हिंदुस्थानी संगीत समजून ऐकावं का?

नाही. तसं ऐकलंत तर निराशा होईल. आलाप, जोड, झाला यांतलं इथे काही नाही. रागाची बढत नाही, समेवर येण्याचा विचार नाही. ‘हँगमन्स’पासून सतार हेरन स्वतः वाजवतात. ते तिच्याकडे मुख्यतः आधारस्वरासाठी आणि तरफांच्या झणकारासाठी जातात. त्याच अल्बमच्या वाद्यांच्या यादीत विल्यमसन यांच्या नावापुढे सनईही आहे.

पण या वाद्यांनी एक महत्त्वाचं काम केलं. आधारस्वर अखंड चालू राहिला की गिटारला दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलण्याची गरज उरत नाही. मग गायकाला स्वरांच्या मधल्या जागा मोकळ्या मिळतात. विल्यमसन यांच्या गळ्यातल्या हरकती पहिल्या अल्बमवर कॉर्डशी झगडताना ऐकू येतात. ‘थ्री इज अ ग्रीन क्राउन’मध्ये सतारीच्या आधारावर त्याच हरकती मोकळ्या होतात. ख्याल ऐकणाऱ्या कानाला हा फरक पहिल्या दोन मिनिटांत कळतो.

‘हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’ला सगळ्यांत जास्त मान का?

कारण इथे स्टुडिओ हेच एक वाद्य झालं. डिसेंबर १९६७ मध्ये चेल्सीच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रक जॉन वुड यांनी हा अल्बम टेपवर घेतला. हा स्टुडिओ म्हणजे एक जुनी डेअरी. कंट्रोल रूम आणि ऑफिस दोन टोकांना वर टांगल्यासारखे बांधले होते, त्यामुळे एकाच खोलीत मधे उंच आणि कडेला ठेंगणं असं छत मिळालं. उंच भागात वाजवलेलं वाद्य मोकळं ऐकू येतं, ठेंगण्या भागातलं जवळचं आणि कोरडं. गायक निक ड्रेक आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड यांचं कामही याच खोलीतलं आहे. ते ऐकलं असेल तर ही हवा ओळखीची वाटेल.

दोघंच मुख्य वादक, पण एका गाण्यात पाच-सहा वाद्यं. म्हणजे थरावर थर चढवणं आलंच. हार्प्सिकॉर्ड, हॅमंड ऑर्गन, डल्सिमर, ऊद, पॅन पाइप, मोरचंग, हार्मोनिका. डॉली कॉलिन्स यांचा फ्लूट-ऑर्गन आणि ‘वॉल्ट्झ ऑफ द न्यू मून’मध्ये डेव्हिड स्नेल यांची हार्प. ‘द मिनोटॉर्स साँग’ जुन्या ब्रिटिश संगीतिकेच्या समूहगानासारखं ठोकत जातं, आणि त्याच्यानंतर लगेच ‘विचेस हॅट’ची शांत गिटार येते.

अल्बम ब्रिटनच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला आणि ग्रॅमीच्या लोकसंगीत विभागात नामांकनही मिळालं. इतक्या विचित्र बांधणीच्या संगीताला हे मिळणं मोठंच होतं.

‘अ व्हेरी सेल्युलर साँग’ १३ मिनिटांचं आहे. त्यात वाट कशी सापडायची?

एक गाणं समजू नका. हेरन यांनी ओवलेली माळ समजा. खुणा अशा:

सुरुवात हेरन यांच्या स्वतःच्या कडव्याने होते, हिवाळा आणि अंगावरचे पातळ कपडे. मग अचानक सगळे मिळून एक भजन उचलतात. हे बहामा बेटांवरचं, मृताला निरोप देण्याचं गीत आहे. पिंडर कुटुंब आणि जोसेफ स्पेन्स यांच्या गायनात ते १९६५ मध्ये नासाऊला टेपवर घेतलं गेलं आणि नॉनसच लेबलवर आलं. नॉनसच ही इलेक्ट्राचीच शाखा. मूळ गायनात प्रत्येक आवाज आपल्या वेळेने आत शिरतो, ओळी एकमेकींवर चढतात. बँडने तेच जपलं आहे, त्यामुळे समूहगान असूनही ते सरळ रांगेत चालत नाही.

नंतरच्या भागात वाद्यं झपाट्याने बदलतात, टाळ्या आणि कझू (तोंडाने गुणगुणून वाजवायचं छोटं वाद्य) येतात, आणि एका टप्प्यावर अमीबाच्या तोंडून गाणं सुरू होतं. नावातला ‘सेल्युलर’ इथला. शेवटी गती उतरते आणि आशीर्वादाच्या दोन-तीन ओळी पुन्हा पुन्हा गायल्या जातात.

पहिल्यांदा ऐकताना हे तुकडे जोडलेले वाटतात. तिसऱ्या-चौथ्यांदा लक्षात येतं की जन्म, मृत्यू आणि पेशीचं दुभंगणं एकाच धाग्यावर आहे. भजन सुरुवातीलाच का ठेवलं याचं उत्तर शेवटच्या आशीर्वादात मिळतं.

‘वी टॅम’ आणि ‘द बिग ह्यूज’ हे दोन अल्बम की एक?

ब्रिटनमध्ये दोन रेकॉर्डचा एक संच. अमेरिकेत दोन वेगळे अल्बम. प्रत्येकात नऊ गाणी. मिळून ८० मिनिटांपेक्षा जास्त होत असल्याने एका सीडीवर सगळं बसत नाही, म्हणून सीडीवरही दोन चकत्याच. ‘द सन ऑफ नोआज ब्रदर’ हे गाणं अर्ध्या मिनिटाचंही नाही. ते तुटलेलं वाटून फाइल खराब आहे अशी तक्रार करू नका.

आवाजाचा विचार केला तर इथे पाऊल मागे घेतलेलं आहे, आणि ते मुद्दाम घेतलंय असं वाटतं. बाहेरचे पाहुणे जवळजवळ नाहीत. लिकोरिस आणि रोझ सिम्पसन आता बँडचाच भाग आहेत. थर कमी, जागा जास्त. ‘डक्स ऑन अ पाँड’ नऊ मिनिटांवर जातं, पण ‘सेल्युलर साँग’सारखा प्रत्येक वळणावर नवा रंग येत नाही. ‘माया’मध्ये सतार आहे, ‘यू गेट ब्राइटर’मध्ये हार्प्सिकॉर्ड, आणि ‘लॉग केबिन होम इन द स्काय’ तर सरळ अमेरिकन डोंगराळ भागाच्या फिडलच्या चालीवर नाचतं. ‘हँगमन्स’ला शिखर मानणाऱ्यांना आम्ही नेहमी हे सांगतो: गीतलेखनाच्या बाजूने पाहिलं तर ‘वी टॅम’ त्याच्या मागे नाही. ‘द सर्कल इज अनब्रोकन’ ऐकून ठरवा.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक काय?

रीमिक्स म्हणजे मूळ टेपवरचे वेगवेगळे ट्रॅक पुन्हा एकत्र करणं: सतार किती मोठी, आवाज डावीकडे की उजवीकडे, हे सगळं नव्याने ठरतं. रीमास्टर म्हणजे आधीच मिसळून झालेली दोन ट्रॅकची टेप पुन्हा उतरवून घेणं आणि तिचा तोल, पातळी, खरखर यांवर काम करणं. या चार अल्बमच्या ज्या नव्या आवृत्त्या आहेत त्या रीमास्टर.

म्हणून अपेक्षा बेताची ठेवा. रीमास्टरने बास मोकळा होऊ शकतो, टेपची सळसळ कमी होऊ शकते, टेप मशीनचं हेड टेपशी नीट जुळवून घेतलं असेल तर तारवाद्यांची धार परत येते. पण एखादं वाद्य पूर्ण एकाच कानात असेल तर ते तिथेच राहणार. त्या काळच्या स्टिरिओ मिक्समध्ये अशी विभागणी नेहमीची होती. हेडफोनवर त्रास होत असेल तर स्पीकरवर ऐका किंवा मोनोचं बटण दाबा.

आणि सळसळ पूर्ण गेलेली असेल तर खूश होऊ नका. सळसळ मारणारं सॉफ्टवेअर जास्त चालवलं की गिटारची नखं, श्वास, झांजेची शेपटी हेही तिच्याबरोबर जातं. ‘नाइटफॉल’सारख्या हळू गाण्याच्या शेवटी स्वर मावळताना ऐका. तो एकदम तुटल्यासारखा संपत असेल तर सफाई जास्त झाली आहे.

कोणती आवृत्ती घ्यावी?

१९९० च्या दशकात हे अल्बम बॉइड यांच्याच हॅनिबल लेबलवर सीडीने आले. २०१० मध्ये फ्लेजलिंग रेकॉर्ड्सने चारही अल्बम पुन्हा काढले, तेही बॉइड यांच्या रीमास्टरिंगने. म्हणजे दोन्ही वेळा मूळ निर्मात्याचाच कान होता, आणि हे भाग्य त्या काळच्या फार थोड्या बँडना मिळालं.

नव्याने घेणाऱ्यांनी २०१० ची घ्यावी. हॅनिबलच्या सीडी आधीच घरात असतील तर चारही बदलण्याची घाई नको. आधी ‘५००० स्पिरिट्स’ बदला, कारण डबल बास आणि गिंब्री दोन्ही तिथे आहेत. जुन्या बाजारात हॅनिबलची सीडी स्वस्त मिळाली तर बेलाशक घ्या.

स्ट्रीमिंगवर नेमकी कोणती आवृत्ती आहे हे कसं कळेल?

बहुतेक वेळा खात्रीने कळत नाही. वर्तुळातल्या पी अक्षरापुढचं (रेकॉर्डिंगच्या हक्काची खूण) वर्ष बघून फसू नका, ते पुष्कळदा मूळ रेकॉर्डिंगचंच असतं आणि रीमास्टर केव्हाही झालेलं असू शकतं. अल्बमच्या नावापुढे ‘रीमास्टर्ड’ आणि वर्ष असेल तर ती त्यातल्या त्यात भरवशाची खूण. शिवाय ‘वी टॅम’ आणि ‘द बिग ह्यूज’ वेगवेगळे दिसले तर मांडणी अमेरिकन पद्धतीची आहे एवढंच कळतं, मास्टरिंग नव्हे.

दोन आवृत्त्या घरी कशा ताडून बघायच्या?

मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. एका डेसिबलचा फरकही निकाल फिरवतो, म्हणून आधी पातळी सारखी करा.

१. दोन्ही आवृत्त्यांतलं एकच गाणं सीडीवरून दर्जा न घटवणाऱ्या (लॉसलेस) फाइलमध्ये उतरवा, वाव किंवा फ्लॅक. एमपीथ्री नको.
२. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या ट्रॅकवर आणा. आधी वेव्हफॉर्म बघा: माथे सपाट कापल्यासारखे दिसत असतील तर ती आवृत्ती दाबून मोठी केलेली आहे.
३. प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्रपणे ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ चालवा, दोघांनाही उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारी पातळी मोजण्याचं एकक). आता पातळी समान झाली.
४. पहिला ठळक ठोका जुळवून ट्रॅक एकाखाली एक सरकवा आणि सोलो बटणाने अदलाबदल करत ऐका. एका वेळी २०-३० सेकंदच. त्यापेक्षा लांब तुकड्यात कान आधीचं विसरतो.
५. एका फेरीत एकच गोष्ट ऐका: आधी बास, मग आवाजातले स, श, मग स्वरांच्या शेपट्या.

एक ट्रॅक उलटा करून दुसऱ्यात मिसळून ‘फरक’ काढण्याची युक्ती इथे चालत नाही. दोन आवृत्त्यांसाठी टेप दोनदा वाजवली गेली असेल तर मशीनची गती तंतोतंत सारखी नसते आणि उरलेला आवाज निव्वळ गोंधळ असतो. गतीतला फरक मात्र मोजता येतो. ‘सेल्युलर साँग’ १३ मिनिटांत दोन सेकंदांनी मागेपुढे संपलं तर फरक पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे साधारण चार सेंट. अर्ध्या स्वराचा पंचविसावा हिस्सा. एवढा कानाला लागत नाही. एक टक्का असेल तर सतरा सेंट होतात आणि तंबोऱ्यावर तयार झालेला कान तो पकडतो.

‘हँगमन्स’ची एलपी इतर रेकॉर्डपेक्षा हळू आवाजात का वाजते?

ती जवळपास ५० मिनिटांची आहे, म्हणजे एका बाजूवर २४ ते २६ मिनिटं. एलपीच्या एका बाजूवर १८-२० मिनिटं असतील तर खाचा ऐसपैस कापता येतात. त्याहून जास्त असतील तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि त्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून पातळी उतरवावी लागते. हा दोष नव्हे, भूमितीचा भाग आहे. आवाज वाढवा, त्याबरोबर धूळही मोठी ऐकू येईल, म्हणून ही रेकॉर्ड इतरांपेक्षा स्वच्छ हवी.

दुसरी अडचण आतल्या खाचांची. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्याच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ फक्त २१. कमी जागेत तेवढाच तपशील बसवायचा असल्याने शेवटी आवाज चिरका होतो. ‘सेल्युलर साँग’ पहिल्या बाजूच्या अखेरीस आहे, म्हणजे त्यातला सर्वांनी मिळून गायलेला आशीर्वाद नेमका सर्वांत आतल्या खाचांत. तिथे ‘स’ फाटत असेल तर आधी सुईचा वजनदाब कार्ट्रिजच्या पत्रकातल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला आणा, मग प्रोट्रॅक्टरने कोन जुळवा. तरीही फाटत असेल तर शंकूसारख्या गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल सुई लावून बघा. आधीच्या मालकाने झिजलेल्या सुईने खाच खरवडली असेल तर मात्र इलाज नाही.

मूळ ब्रिटिश छपाई घ्यायची झाली तर काय बघावं?

पहिल्या अल्बमचा क्रमांक ईयूके २५४, मोनो. ‘५००० स्पिरिट्स’ मोनो ईयूके २५७, स्टिरिओ ईयूकेएस ७२५७. ‘हँगमन्स’ अनुक्रमे २५८ आणि ७२५८. लेबलवर फुलपाखराचं चित्र असेल तर ती १९७० नंतरची छपाई. ऐकायला हरकत नाही, पण मूळ म्हणून जास्त पैसे मोजू नका. फोटोवरून घेताना लेबल आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे यांचा जवळचा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

मुंबई, कोकण, गोव्यात रेकॉर्डपेक्षा पुठ्ठा आधी जातो. पावसाळ्यात जाड कव्हर ओल धरतं, बुरशी तिथून रेकॉर्डवर उतरते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा सतत ‘टिक-टिक’ आवाज होतो. रेकॉर्ड भिंतीला टेकवू नका, उभ्या ठेवा, कागदी आतल्या पिशव्या बदलून पॉलिथिनचं अस्तर असलेल्या लावा आणि कपाटात सिलिका जेल ठेवून ते दर पावसाळ्यात बदला. बुरशी आलीच तर ८०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या डिटर्जंटचे दोन-तीन थेंब असं मिश्रण करून, लेबल कोरडं ठेवत, खाचांच्या दिशेने मऊ मायक्रोफायबरने पुसा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून पूर्ण वाळवा. हे मिश्रण घरातल्या जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डना लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने कायमच्या बिघडतात.

या चारनंतरचे अल्बम ऐकावेत का?

‘चेंजिंग हॉर्सेस’ (१९६९), ‘आय लुक्ड अप’ आणि ‘यू’ (दोन्ही १९७०) इलेक्ट्रावर आहेत, नंतरचे आयलंडवर, आणि १९७४ मध्ये बँड थांबला. विजेची गिटार आणि ड्रम वाढत गेले. चांगली गाणी प्रत्येकावर आहेत, पण थरांचा तो नेमका तोल पुन्हा साधला नाही. ‘लिक्विड ॲक्रोबॅट ॲज रिगार्ड्स द एअर’ (१९७१) मात्र चुकवू नका.

नवख्याने कोणत्या क्रमाने ऐकावं?

दुसऱ्यापासून सुरुवात करा. ‘५००० स्पिरिट्स’ दोन-तीनदा ऐकून झाला की पहिला घ्या. तेव्हा त्यातली रिकामी जागा उणीव वाटत नाही. मग ‘हँगमन्स’, आणि त्याच्यानंतर थोडे दिवस जाऊ देऊन ‘वी टॅम’. प्रकाशनाच्या क्रमाने जाणारे बरेच जण पहिल्याच अल्बमवर ‘हे तर नेहमीचं फोक’ म्हणून थांबतात.

स्टुडिओतली शिल्लक गाणी किंवा डेमो मिळतात का?

‘द चेल्सी सेशन्स १९६७’ ही सीडी १९९७ मध्ये निघाली. ‘५००० स्पिरिट्स’च्या आधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या चाचणी रेकॉर्डिंगची ती आहे. शिवाय २००८ मध्ये हक्स रेकॉर्ड्सने ‘ट्रिक्स ऑफ द सेन्सेस’ नावाचा १९६६ ते १९७२ मधल्या अप्रकाशित गाण्यांचा संच काढला. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर चेल्सी घ्या. तिच्यातली गाणी आणि अल्बमवरची गाणी लागोपाठ लावली की कोणता थर नंतर चढला हे कानाने मोजता येतं.